यालोनेन, पण कोणता?

बर्फातला_कोल्हापुरी

आइस हॉकीवर मराठीत धागा काढतोय, तेव्हा प्रतिसाद किती येणार याची पूर्ण कल्पना आहे. तरी काढतोय. परवा पोराला घेऊन इथल्या वाप्रिक्की संग्रहालयात गेलो होतो, फिनलंडचं हॉकी संग्रहालय तिथंच आहे. तिथून आल्यापासून डोक्यात हेच चाललंय.

२०१८ च्या ऑक्टोबरात मी ताम्पेरेला आलो तेव्हा हॉकी म्हणजे धनराज पिल्ले आणि हिरवं टर्फ एवढंच माहीत होतं. इथं हॉकी म्हणजे बर्फावरचीच. बोलताना तिला 'लॅत्कॅ' म्हणतात. गवतावर पण खेळतात म्हणून सांगितलं, तर लोक कौतुकानं ऐकतात, आपण कुणाकडून विटीदांडूच्या राष्ट्रीय स्पर्धेबद्दल ऐकावं तसं. गावात क्लब दोन, इल्वेस आणि टप्पारा. एक म्हणजे रानमांजर, दुसरा म्हणजे लढाईचा परशू. आमच्या ऑफिसात कॉफीच्या खोलीत बसायच्या जागासुद्धा त्यावरून ठरलेल्या आहेत. मी नवीन होतो, चुकून परशूवाल्यांत बसलो आणि तिथलाच झालो.

माझी पहिली फजिती याच खोलीत झाली. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक यालोनेन आणि एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली सगळ्यात मोठी आइस हॉकी लीग, एवढं वाचून गेलो होतो. रुबाबात म्हणालो, "यालोनेन स्वतः एनएचएल खेळलाय ना?" समोरच्यानं कप खाली ठेवला आणि एकच शब्द विचारला, "कुम्पी?"

कुम्पी म्हणजे दोघांपैकी कोणता. फिनिशमध्ये यासाठी वेगळा शब्द आहे. दोघांपेक्षा जास्त असतील तर शब्द बदलतो.

तर यालोनेन दोन. नात्यागोत्याचा संबंध नाही, आडनाव तेवढं एक. दोघंही खेळाडू होते, दोघंही प्रशिक्षक झाले, दोघांनीही फिनलंडचा राष्ट्रीय संघ सांभाळला.

पहिला कारी. जन्म १९६०, उत्तरेकडचं ओउलू. १९७८ ला हेलसिंकीत ज्युनिअरांची युरोपियन स्पर्धा झाली. निर्णायक सामन्यात सोव्हिएत संघाला ओव्हरटाइममध्ये हरवलं, गोल यारी कुरीचा. त्या संघात कारी होता. १९८१ ला ओउलूच्या कॅरपॅट क्लबनं देशाचं विजेतेपद घेतलं, त्यातही कारी. मग एनएचएल. कॅल्गरी, थोडे दिवस एडमंटन, मिळून ३७ सामने. फार नाहीत, पण त्या काळात फिनलंडमधून तिथवर जाणारे मोजकेच होते. प्रशिक्षक झाल्यावर कॅरपॅटला २००४ आणि २००५ अशी लागोपाठ विजेतेपदं, मग आणखीही. स्वित्झर्लंडला बर्न क्लबबरोबर २०१७ आणि २०१९. मधे २०१४ ते २०१६ फिनलंडचा संघ, २०१६ ला मॉस्कोत जागतिक रौप्य.

दुसरा युक्का. जन्म १९६२, रीहिमॅकी. हेलसिंकीहून ताम्पेरेला येताना लागणारं रेल्वे जंक्शन, आपलं मनमाड म्हणा. हाही खेळाडू होता, पण त्याचा एखादा गोल आठवतो असं सांगणारा मला सात वर्षांत एकही भेटलेला नाही. परशूवाल्यांत नाही आणि रानमांजरांतही नाही. कारीचे गोल हातवारे करून दाखवणारे मात्र भेटतात.

त्याच रेल्वेवर ताम्पेरेकडे अजून थोडं आलं की हॅमेनलिना लागतं. तिथला एचपीके क्लब कधीच देशाचा विजेता झाला नव्हता. २००६ ला युक्कानं तो केला. २००८ ला राष्ट्रीय संघ हातात आला. २०१० ला व्हँकूव्हर ऑलिम्पिकचं कांस्य. २०११ ला ब्रातिस्लाव्हात जगज्जेतेपद, फायनलमध्ये स्वीडनला ६-१. स्कोअर वाचून एकतर्फी वाटतो, पण आधी पुढे होता स्वीडनच. दुसरा पीरियड (सामन्याचे असे तीन भाग असतात) संपायला सात सेकंद उरले असताना यार्को इम्मोनेननं बरोबरी केली आणि तिसऱ्यात पाच गोल झाले. १९ वर्षांच्या मिकाएल ग्रानलुंडनं सेमीफायनलमध्ये रशियाविरुद्ध गोलच्या मागून पक (रबराची चकती) स्टिकच्या पात्यावर उचलून हवेतून आत टाकला, तोही याच स्पर्धेत. तो गोल इथल्या टपाल तिकिटावर आहे.

मग २०१२ आणि २०१३. यजमानपद स्वीडनबरोबर वाटून घेतलेलं, हेलसिंकीत घरचं मैदान, आणि दोन्ही वेळा चौथा क्रमांक. त्याच सुमारास युक्का सेंट पीटर्सबर्गच्या क्लबकडे, पुढे हेलसिंकीचा योकेरित. मधेच जानेवारी २०१६ ला वीस वर्षांखालच्यांचं जगज्जेतेपद. २०१८ ला परत राष्ट्रीय संघ. म्हणजे मी ताम्पेरेत आलो आणि हा संघावर आला, एकाच वर्षी. पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

२०१९ ला ब्रातिस्लाव्हाला नेलेला संघ बघून कॉफीच्या खोलीत शांतता होती. त्या मोसमात एनएचएल खेळलेले मोजून दोघं. कप्तान मार्को अन्तिला, आमच्या शेजारच्या लेंपॅलॅचा. उंची २०३ सेंटिमीटर, टोपणनाव 'म्यॉर्क्यॉ', म्हणजे चक्क बागुलबुवा. क्वार्टरफायनलला स्वीडन, गोलमध्ये लुंडक्विस्ट. शेवटच्या दीड मिनिटात बागुलबुवानं बरोबरी केली, ओव्हरटाइमला सकारी मानिनेननं संपवलं. सेमीफायनलला रशिया, म्हणजे ओवेच्किन, माल्किन, कुचेरोव्ह, कोवाल्चुक आणि गोलमध्ये वासिलेव्हस्की. निकाल १-०, गोल बागुलबुवाचा. फायनलला कॅनडा, ३-१. त्यातले दोन बागुलबुवाचे.

२०२१ ला रीगात रौप्य, कॅनडाकडून ओव्हरटाइमला हरून. फेब्रुवारी २०२२ ला बीजिंगमध्ये ऑलिम्पिक सुवर्ण, फिनलंडचं आइस हॉकीतलं पहिलंवहिलं. आणि त्याच मे महिन्यात जागतिक स्पर्धा थेट आमच्या गावात, नव्या कोऱ्या नोकिया अरेनात.

२९ मे २०२२. तिकिटाचा प्रश्नच नव्हता, भाव ऐकूनच घरी बसलो. शेजारच्या आजोबांकडे गेलो. आजोबा ऐंशीच्या घरातले, सामना बघायची त्यांची एक पद्धत आहे. टीव्हीचा आवाज बंद आणि रेडिओ चालू. रेडिओ थोडा पुढे असतो, म्हणजे गोल आधी कानाला कळतो, मग डोळ्यांना दिसतो. मला पहिल्यांदा वेड लागायची वेळ आली होती, आता टीव्हीचा आवाज लावला तर चुकल्यासारखं होतं.

फिनलंड ३-१. दोन मिनिटं आणि काही सेकंद उरलेले. कॅनडानं एक परतवला. मग दुसरा. ३-३. आजोबा उठले. टीव्ही बंद केला, रेडिओ बंद केला, सिंकखालची कचऱ्याची पिशवी काढली, गाठ मारली आणि खाली कचरा टाकायला निघाले. मी काय बोलणार? गेलो पाठोपाठ. रात्रीचे अकरा वाजत आले होते तरी आभाळात उजेड होता. आजोबा डब्यापाशी उभे राहिले. ओला कचरा वेगळा, पुठ्ठा वेगळा, एकेक वस्तू काढून टाकत होते. वेळ काढत होते, हे मला नंतर कळलं. आणि एकदम आमच्या इमारतीच्या, समोरच्या, पलीकडच्या, सगळ्या बाल्कन्यांतून एकच आरोळी. ओव्हरटाइममध्ये पॉवरप्ले मिळाला होता (म्हणजे समोरचा एक जण शिक्षा होऊन बाहेर), मानिनेननं गोल केला होता. आजोबांनी उरलेली पिशवी होती तशीच डब्यात टाकली. एवढी शिस्त मोडलेली मी त्यांच्याकडून तेवढीच पाहिली.

त्याच दिवशी दुपारी, त्याच अरेनात, कांस्यपदकाच्या सामन्यात चेक संघ २-३ असा मागे होता. तिसऱ्या पीरियडमध्ये त्यांनी सहा गोल केले आणि अमेरिकेला ८-४ नं हरवलं. दहा वर्षांनी त्यांना पदक मिळालं. त्यांचा प्रशिक्षक? कारी यालोनेन.

आता माझं म्हणणं. खेळाडू म्हणून कारी मोठा, यात वाद नाही. पण प्रशिक्षक म्हणून युक्का पुढे गेला आणि तो पुढे गेला याचं कारण तो मोठा खेळाडू नव्हता हेच आहे, असं मला वाटतं. चौथ्या फळीतल्या माणसाशी काय बोलायचं हे त्याला कळतं. बागुलबुवाला कप्तान करणं एनएचएलवाल्याला सुचलं असतं का?

हाणा आता.

टिचकी

वाखुसा (वाचनखूण साठवली). कचऱ्याच्या पिशवीसाठी शंभर गुण.

अडाणी प्रश्न: चौथी फळी म्हणजे काय? सगळे एकदम खेळत नाहीत का?

बर्फातला_कोल्हापुरी

@टिचकी, प्रश्न अडाणी नाही, मला हे कळायला एक मोसम गेला.

बर्फावर एका संघाचे सहा जण, गोलकीपर धरून. बाकडं मात्र भरलेलं. तिघा फॉरवर्डांची एक फळी, अशा चार. बचाववाल्यांच्या तीन जोड्या. एक फळी आत जाते ती पाऊण मिनिटासाठी. पाऊण मिनिट जीव तोडून धावायचं आणि फळकुटावरून उडी मारून बाकड्यावर. खेळ चालू असतानाच बदली होते, पंचाला विचारायचं नाही. आता कोण जाणार, समोर त्यांची कुठली फळी आहे, हे प्रशिक्षक ठरवतो. क्रिकेटमध्ये कप्तान मैदानात असतो. इथं निम्मी कप्तानी बाकड्यामागं कोट घालून उभी असते.

पहिल्या फळीत गोल करणारे, चौथीत बहुतेक अंगानं दणकट, समोरच्याच्या चांगल्या फळीला फक्त अडवायचं काम. त्यांचं नाव पेपरात येत नाही.

कट्टेकरी

लेख छान, पण थोडं पाणी ओततो. बीजिंगला एनएचएलनं खेळाडू पाठवलेच नव्हते. कॅनडा, अमेरिका, स्वीडन सगळ्यांचे दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचे संघ. गावात पाटील नाही तोवर कोतवालच पाटील. त्या सुवर्णावर 'महान प्रशिक्षक' ठरवायचं?

बर्फातला_कोल्हापुरी

@कट्टेकरी, हा मुद्दा येणार हे माहीत होतं. एनएचएलनं डिसेंबर २०२१ मध्ये अंग काढून घेतलं हे खरं. पण फिनलंडचेही ते खेळाडू नव्हतेच की. बार्कोव, रान्टानेन, आहो, सगळे घरी. बिनपाटलाच्या गावात सगळेच कोतवाल होते, त्यातला एक सहाच्या सहा सामने जिंकून आला.

आणि जिंकला कसा बघा. गटात स्वीडनविरुद्ध ०-३ मागे, तिथून ४-३. क्वार्टरफायनलला स्वित्झर्लंड ५-१, सेमीला स्लोव्हाकिया २-०. फायनलला रशियन ऑलिम्पिक समितीचा संघ. आधी पुढे तेच होते. विल्ले पोक्कानं बरोबरी केली, तिसऱ्या पीरियडच्या ३१ व्या सेकंदाला हान्नेस ब्यॉर्निनेननं दुसरा गोल केला. २-१. त्यानंतर जवळपास वीस मिनिटं रशियन लोक भिंतीवर डोकं आपटत होते. पूर्ण सामन्यात आपला गोलकीपर हारी सॅतेरीला अडवावे लागले १६ शॉट. फायनलमध्ये १६ म्हणजे गोलकीपरला थंडी वाजली असेल.

त्या गोलची वेळ बघून आजोबा खुर्चीतून अर्धवट उठले होते. २००६ च्या तुरिन ऑलिम्पिक फायनलला स्वीडनच्या लिडस्ट्रॉमनं तिसऱ्या पीरियडच्या दहाव्या सेकंदाला गोल करून फिनलंडचं सुवर्ण नेलं होतं. सोळा वर्षं ते डोक्यात धरून बसलेला माणूस. म्हणाले, "२१ सेकंद उशीर झाला, चालेल."

जुनं_खोड

धागालेखकानं लिहिलंय झकास, पण सिद्धांत मला पटलेला नाही. 'छोटा खेळाडू म्हणून मोठा प्रशिक्षक' हे ऐकायला गोड असतं, म्हणून आपण मान्य करून टाकतो.

उलटी उदाहरणं फिनलंडमध्येच भरपूर. कारी तर तुम्हीच दिलात. त्याची क्लबांबरोबरची विजेतेपदं युक्कापेक्षा जास्त आहेत, ते तुमच्याच लेखात कोपऱ्यात पडलंय. वर्षभर रोज तेच वीस-पंचवीस जण सांभाळायचे, पन्नास-साठ सामने काढायचे, हे काम वेगळं. राष्ट्रीय संघ म्हणजे तीन आठवड्यांचं लग्नघर.

दुसरं, विल्ले पेल्तोनेन. १९९५ ला स्टॉकहोममध्ये जागतिक फायनल, समोर स्वीडन, त्यांच्याच घरात. पहिल्याच पीरियडमध्ये पेल्तोनेनची हॅटट्रिक. ४-१, फिनलंडचं पहिलं जगज्जेतेपद. गंमत म्हणजे तेव्हा फिनलंडचा प्रशिक्षक कुर्त लिंडस्ट्रॉम स्वतः स्वीडिश. त्याहून मोठा गोल फिनलंडमध्ये कुणी केला असेल? हा पेल्तोनेन पुढे स्वित्झर्लंडच्या लोझानला आणि मग हेलसिंकीच्या क्लबला प्रशिक्षक झालाच की.

तिसरा ओल्ली योकिनेन. एनएचएलमध्ये १,२३१ सामने, ७५० गुण, फ्लोरिडाचा कप्तान. आणि प्रशिक्षक म्हणून गेला कुठं, तर मिक्केलीच्या युकुरितला, पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये नवख्या, तळाला राहणाऱ्या संघाकडे. त्यांना त्यानं वर आणून दाखवलं. तळातल्याशी कसं बोलायचं हे त्याला कुणी शिकवलं?

उंडगा

आपल्याकडं आचरेकर सर. प्रथम श्रेणीचा सामना आयुष्यात एक. बाकी सांगायची गरज नाही. धागालेखकाला +१.

जुनं_खोड

@उंडगा, वाटच बघत होतो क्रिकेट कधी येतंय याची. आचरेकर सर मुलं घडवत होते, शिवाजी पार्कवर, दहा-बारा वर्षांची. तयार खेळाडूंचा संघ चालवणं निराळं. तिथं उदाहरण द्यायचं तर चंद्रकांत पंडित. कसोटी खेळलेला यष्टिरक्षक. रणजी मुंबईला, विदर्भाला, मध्य प्रदेशाला. मध्य प्रदेशचं तर त्याच २०२२ च्या जूनमध्ये, तेही मुंबईलाच हरवून. म्हणजे तेही माझ्याच बाजूनं.

उंडगा

हरलो. पण आचरेकर सरांबद्दल 'निराळं' म्हणालात ते लक्षात ठेवीन :)

सई_एस्पो

मी वाचनमात्र असते, पण इथं बोलल्याशिवाय राहवेना. आमचा धाकटा गेली चार वर्षं हॉकी खेळतोय. शनिवारी सकाळी सातचं बर्फ मिळालं की घरात युद्ध. बॅग त्याच्यापेक्षा मोठी आणि वासाबद्दल न बोललेलं बरं. पहिली दोन वर्षं स्केट्सच्या नाड्या आम्ही बांधायचो. गुडघ्यावर बसून, हुकानं ओढून, बोटं लाल होईपर्यंत. आमच्या सासूबाई सोलापूरहून आल्या होत्या, त्यांनी हे बघितलं आणि म्हणाल्या, "एवढं बांधून पोराला कुठं पाठवताय, लढाईला?"

मुद्द्यावर येते. लहान मुलांच्या सामन्यात प्रशिक्षक सगळ्यांना सारखं खेळवतो. शेवटचं मिनिट, एका गोलनं मागे, तरी ज्याची पाळी तोच आत. आमच्याकडचे एक (मराठीच) बाबा प्रशिक्षकाशी भांडले, "जिंकायचं नाही का?" म्हणून. प्रशिक्षक वीस-बावीसचा पोरगा असेल, शांतपणे म्हणाला, "जिंकायचंय की. दहा वर्षांनी." आता हा डायलॉग त्यानं पाठ केलेला असणार, कारण प्रशिक्षकांची शिबिरं असतात (व्हिएरुमॅकीला त्यांची मोठी क्रीडा संस्था आहे). पण तो तसं वागतो हे मी दर शनिवारी बघते.

त्यामुळे मला वाटतं, तुम्ही दोघं एका माणसाचं श्रेय भांडून घेताय. युक्काकडे बावीस जण येतात तेव्हा त्यांना तिसऱ्या-चौथ्या फळीत काय करायचं हे लहानपणीच शिकवून झालेलं असतं. तो काही जादू करत नाही, तयार पिठाच्या पोळ्या लाटतो.

कट्टेकरी

सई यांचा प्रतिसाद आवडला. 'तयार पिठाच्या पोळ्या' :)

पण मग तेच पीठ घेऊन २०१६ ते २०१८ मधल्या प्रशिक्षकाला का नाही जमल्या?

बर्फातला_कोल्हापुरी

@जुनं_खोड, कारीची विजेतेपदं कोपऱ्यात पडली हे मान्य. परशूवाला आहे मी, ओउलूचं कौतुक हातून निसटतंच. आणि योकिनेनबद्दल तुमचं बरोबर आहे, ते उदाहरण माझ्या सिद्धांताच्या मुळावर येतं. त्याला एनएचएलच्या १,२३१ सामन्यांत प्लेऑफचे (बाद फेरीचे) मिळाले फक्त सहा. एवढा मोठा खेळाडू आणि एप्रिल उजाडला की घरी. तेव्हा तळातल्याचं दुःख त्याला ठाऊक नव्हतं असं नाही म्हणता येणार. (हे मी सिद्धांत वाचवायला म्हणतोय, कळतंय मला.)

@सई, तुमच्या प्रतिसादानं विचारात पडलो. 'छोटा खेळाडू' हे कारण मी मागे घेतो. पण पिठाचा हिशेब पूर्ण जुळत नाही, म्हणून एक निरीक्षण टाकतो.

युक्काचे संघ शेवटच्या क्षणी बरोबरी खातात आणि मोडत नाहीत. जानेवारी २०१६, हेलसिंकी, वीस वर्षांखालची फायनल. ३-२ पुढे, सहा सेकंद उरलेले, आणि रशियानं बरोबरी केली. सहा सेकंद! १८-१९ वर्षांची पोरं, घरचं प्रेक्षागृह, सुवर्ण गळ्यापर्यंत आलेलं. तिथं भलेभले कोसळतात. हे ओव्हरटाइमला गेले, कास्पेरी कापानेननं गोलच्या मागून वळसा घालून पक आत सरकवला. ४-३. सहा वर्षांनी ताम्पेरेला वेगळी माणसं, पुन्हा तेच. ३-१ चं ३-३ आणि मग ४-३.

त्या मधल्या विश्रांतीत खोलीत तो काय बोलतो, देव जाणे. टीव्हीवर दिसतो तेव्हा चेहऱ्यावरची रेष हलत नाही. गोल झाला तरी नाही, खाल्ला तरी नाही. त्याला चिडलेलं मी एकदाच पाहिलं. बीजिंगला बागुलबुवा कोविडच्या विलगीकरणात अडकला होता. संघाचे डॉक्टर सांगत होते की आता त्याच्यापासून संसर्ग नाही, तरी सोडेनात. तेव्हा युक्का पत्रकारांसमोर बसून, त्याला नीट जेवण मिळत नाही, त्याच्या मनावर ताण आलाय, असं सरळ बोलला. यजमान चीन, ऑलिम्पिक चालू, आणि हा आपल्या एका फॉरवर्डच्या ताटाबद्दल तक्रार करतोय. मला त्या दिवशी तो माणूस आवडला. डावपेच मला आजही अर्धेच कळतात.

उंडगा

२०१० च्या सेमीफायनलबद्दल सोयीस्कर मौन का? अमेरिकेकडून १-६. पहिल्या तेरा मिनिटांत सहा गोल खाल्ले होते, मी आत्ताच बघून आलो :)

बर्फातला_कोल्हापुरी

@उंडगा, क्रिकेटचा सूड घेतलास होय. हो, खाल्ले. तेव्हा न मोडण्याचा प्रश्नच नव्हता, आधीच चुरा झाला होता. पण पुढच्याच दिवशी कांस्यपदकाच्या सामन्यात स्लोव्हाकियाविरुद्ध १-३ मागे पडून ५-३ जिंकले. आणि तिसऱ्या पीरियडमध्ये दोन गोल कुणाचे? ओल्ली योकिनेनचे. जुनं_खोड साहेब खूश.

टिचकी

हॉकीतलं ओ की ठो कळत नसताना सगळा धागा वाचला. एक शंका: युक्का अजून आहे का? आणि त्याच्या जागी कोण?

जुनं_खोड

नाही. २०२४ ला सोडलं. त्याच्या जागी अन्ती पेन्नानेन. आणि हे वाचून धागालेखकाला गुदगुल्या होतील, पेन्नानेनही हॅमेनलिनाच्या एचपीकेचाच. त्या क्लबची देशाची विजेतेपदं आजवर दोन. २००६ ला प्रशिक्षक युक्का, २०१९ ला पेन्नानेन. तुमच्या त्या रेल्वे लाइनवर काहीतरी आहे खरं.

कारीला २०२३ मध्ये चेक मंडळींनी घालवलं आणि २०२४ ला प्रागमध्ये चेक संघ जगज्जेता झाला, दुसऱ्याच प्रशिक्षकाबरोबर. यावर कुणी काय सिद्धांत मांडायचा तो मांडा.

सई_एस्पो

सिद्धांत नको, एक विचारायचंय. त्या आजोबांनी युक्काचा शेवटचा सामना बघितला का? २०२४ चा, स्वीडनबरोबरचा?

बर्फातला_कोल्हापुरी

बघितला. मीच होतो सोबत. क्वार्टरफायनल, १-१, ओव्हरटाइम. आजोबांनी टीव्ही बंद केला, रेडिओ बंद केला आणि सिंकखाली वाकले. पिशवी अर्धीसुद्धा भरली नव्हती. बाहेर काढून त्यांनी त्यात टेबलावरचा पेपर कोंबला, केळ्याची सालं कोंबली, गाठ मारली. आम्ही खाली गेलो.

बराच वेळ उभे होतो. एक बाई कुत्रं घेऊन गेली. पलीकडच्या इमारतीत कुणीतरी बाल्कनीचं दार लावून घेतलं, मग अजून एक दार. आजोबांनी पिशवीची गाठ सोडली, पेपर काढून कागदाच्या डब्यात टाकला, सालं ओल्या कचऱ्यात, प्लास्टिक प्लास्टिकमध्ये, आणि हात झटकून म्हणाले, "एक-दोन ना?"

मी मोबाईल बघितला. २-१ होतं, स्वीडन.